विकून राहिला, विकून बसला

आयर्लंडमधल्या शॅनन गावातल्या त्या घरात फ्रिजचं दार उघडून कुणी विचार करत उभं राहिलं, की मागून शिट्टी वाजायची. खरी शिट्टी, पंचाची, काळ्या दोरीला अडकवलेली. दचकून वळावं तर काका सोफ्यावर पाठ ताठ करून बसलेले आणि हाताची तीन बोटं आपल्या दिशेने रोखलेली. बास्केटबॉलमध्ये समोरच्या टीमच्या बास्केटखाली तीन सेकंदांपेक्षा जास्त ठिय्या देता येत नाही, असा नियम आहे. फ्रिजही त्यातच येतो, हा काकांचा पोटनियम.

काका माझे कुणी नव्हते. माझ्या घरमालकाचे ते वडील. आयर्लंडमध्ये नोकरी मिळते, पण खोली मिळत नाही. पुण्याहून येऊन विमानतळाजवळच्या हॉटेलात मी बॅगा राखत बसले होते, तेव्हा ऑफिसातल्या एका नागपूरकराने आपल्या घराची मागची खोली मला भाड्याने दिली आणि मी पुणे-नागपूर हा जुना वाद तात्पुरता मिटवून टाकला. त्याला मी दादा म्हणू लागले, त्याच्या बायकोला वहिनी, वडिलांना काका. काकांसाठी मी शेवटपर्यंत 'पुणेवाली बाई' होते. समोर नुसतं 'बाई'.

काका नागपुरात पाणीपुरवठा खात्यात कारकून होते, असं दादा सांगायचा. काका स्वतः तसं कधी म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, मी पंच होतो. नोकरी ही त्यांच्या लेखी दोन स्पर्धांच्या मधली विश्रांती होती. बँकांच्या, रेल्वेच्या, कॉलेजांच्या सामन्यांत त्यांनी उभी हयात शिट्टी फुंकली, आणि आता मैदान सुटलं तरी शिट्टी सुटत नव्हती.

घरात ताट हातात घेऊन चालताचालता खाल्लं की 'ट्रॅव्हलिंग': दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवायच्या, लोकरीचा गुंडा करतात तशा. दादाने जेवताना फोन काढला की 'टेक्निकल फाउल': एका तळव्यावर दुसरा तळवा आडवा. वहिनी ऑफिसला निघून, काहीतरी विसरलं म्हणून परत घरात आली, तर एक बोट पोटासमोर डावीउजवीकडे हलायचं. चेंडू एकदा मधल्या रेषेपलीकडे नेला की मागे आणायचा नाही. वहिनी छत्री न घेताच पुन्हा निघून जायची आणि मग संध्याकाळी भिजून परत यायची. पण नियम म्हणजे नियम.

मला पहिल्याच आठवड्यात मोठा फाउल बसला. मी सहज विचारलं होतं, "काका, चहा झालाच असेल ना तुमचा?" काकांनी शिट्टी फुंकली, उजव्या हाताने डाव्या हाताचं मनगट पकडून दोन्ही हात डोक्यावर नेले. ही खूण मला माहीत नव्हती. दादा हसत म्हणाला, "खिलाडूवृत्ती सोडून केलेला फाउल." त्यानंतर त्या घरात मी चहा विचारला नाही. सरळ करून पुढे ठेवू लागले.

काकांचं इंग्रजी सगळं नियमपुस्तकातलं. जेवताना मीठ हवं असलं तरी "द प्लेअर इज एन्टायटल्ड टू सॉल्ट" म्हणत. या इंग्रजीचा आयर्लंडच्या इंग्रजीशी काहीही संबंध नव्हता. शेजारच्या आजी एकदा म्हणाल्या, कप 'प्रेस'मध्ये ठेवलेत. इथे प्रेस म्हणजे कपाट. काका बराच वेळ इस्त्री शोधत होते. तसंच 'युअर मॅन'. इथे कुठल्याही तिऱ्हाईत माणसाला 'युअर मॅन' म्हणतात. तुमचा तर नाहीच, कुणाचाही असेलच असं नाही, पण म्हणायचं 'युअर मॅन'. काकांनी ते शब्दशः घेतलं. पोस्टमन, बस ड्रायव्हर, पंतप्रधान, सगळ्यांना लोक 'तुमचा माणूस' म्हणतात हे ऐकून त्यांचं या देशाबद्दलचं मत फार चांगलं झालं होतं. "बाई, या लोकायले कोणी परका नाई," ते मला कौतुकाने सांगायचे. मी माझ्या इंग्रजीच्या तोऱ्यात त्यांची चूक सुधारायचे. त्या तोऱ्याचं पुढे काय झालं ते येईलच.

काकू गेल्यावर दादाने त्यांना इकडे आणलं होतं. पहिला हिवाळा ते खिडकीत बसून होते. घरातून धावपट्टी दिसायची. विमान उतरलं की मान हलवायचे, उडालं की हलवायची नाही. दुपारी चारला अंधार, बाहेर आडवा पाऊस, आणि सगळं घर ऑफिसात. मग एके दिवशी वहिनीने त्यांना हाताला धरून गावातल्या स्पोर्ट्स हॉलमध्ये नेऊन सोडलं. तिथे बास्केटबॉलचा सराव चालू होता. लाकडी फळ्यांवर बूट चिरचिरले आणि काका दारातच उभे राहिले. नंतर त्यांनी मला सांगितलं होतं, "तुझी काकू गेल्यापासून बाई, मले त्या दिवशी पहिल्यांदा भूक लागली."

टीम गावाची होती आणि देशाच्या वरच्या गटात खेळायची. काका तिला 'प्रोफेशनल' म्हणायचे. खरं तर दोन अमेरिकन तेवढे पगारी, बाकीची मुलं विमानतळावर, औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत, शाळेत नोकऱ्या करून संध्याकाळी खेळायची. पण काकांची व्याख्या सोपी होती: तिकीट लागते म्हणजे प्रोफेशनल. प्रत्येक घरच्या सामन्याला ते पहिल्या रांगेत, मधल्या रेषेच्या बरोबर समोर, निळा ब्लेझर घालून बसायचे. शिट्टी खिशात. टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही, कारण पंचाला टीम नसते. फक्त मैदानावर काही घडलं की बसल्या जागी हाताने खूण करायचे. काही महिन्यांतच असं झालं, की शिट्टी वाजली की प्रेक्षक आधी काकांकडे बघायचे आणि मग पंचाकडे. दोघांचं जमलं नाही तर पंचाची धडगत नसायची. एका पंचाने तर सामना संपल्यावर येऊन त्यांना हात जोडून विनंती केली होती, की निदान हात खिशात ठेवा.

आणि मग ती बातमी आली.

हॉलमध्ये मध्यंतराला चहा देणाऱ्या एक बाई होत्या. काकांचा कप त्या आधीच भरून ठेवायच्या. वसंतातल्या एका सामन्यानंतर त्या काकांजवळ आल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "युअर मॅन इज आफ्टर सेलिंग द टीम. दे आर गोइंग अप टू डब्लिन."

मी तिथेच होते. 'युअर मॅन' म्हणजे टीमचा मालक. औद्योगिक वसाहतीत त्याचा खोकी बनवायचा कारखाना होता. पुढचं वाक्य काकांनी माझ्याकडे बघून मराठीत केलं: "आपला माणूस टीम विकून राहिला, बाई."

मी म्हटलं, "विकून राहिला म्हणजे? विकून झाल्यावर शिल्लक राहिला का?"

"चेष्टा नको करू. विकून राहिला म्हणजे विकायच्या मागं आहे. आफ्टर म्हणजे काय?"

आफ्टर म्हणजे मागे. पुण्यातल्या चांगल्या इंग्रजी शाळेत मी शिकले होते. मी मान डोलावली. बरोबर आहे, म्हटलं, मागे लागलाय, अजून विकलेली नाही.

इथे येऊन मला काही महिनेच झाले होते आणि ऑफिसात माझी सगळी टीम हैदराबादची. आयर्लंडमध्ये 'आफ्टर'चा अर्थ त्याच्या नेमका उलटा आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. 'आय'म आफ्टर इटिंग' म्हणजे मी खायच्या मागे नाही, मी खाऊन बसलोय. 'ही इज आफ्टर सेलिंग' म्हणजे तो विकून बसलाय. व्यवहार संपला, सही झाली. 'विकून राहिला' आणि 'विकून बसला' एवढाच काय तो फरक, आणि आम्ही दोघं राहिल्याच्या बाजूला बसलो होतो.

त्या दिवशी घरी आल्यावर काकांनी ब्लेझर न काढताच दादाला सांगितलं, "टीम गेली तं मी बी चाललो नागपूरले."

दादा म्हणाला, "बाबा, तिथे कोण आहे? आणि तुमची तर कुठली टीमच नाही म्हणता."

"टीम नाई म्हणून काय झालं? मॅच तं पायजे ना."

दादा हसला नाही. नंतर स्वयंपाकघरात त्याने मला हळूच सांगितलं, की बाबा बोलतात ते करतात. तिकडचा फ्लॅट रिकामा आहे, गॅस बंद करायला विसरायला लागलेत, रक्तदाबाच्या गोळ्या मोजून द्याव्या लागतात. "मला त्यांना तिथे एकटं ठेवायचं नाही. टीमसाठी ते म्हणतील तिथे जरा जाशील का त्यांच्याबरोबर? माझ्याशी बोलताना ते शिट्टीच वाजवतात." वहिनी भांडी लावत होती, तिची पाठ आमच्याकडे होती. ती म्हणाली, "हे गेले तर या घरात कोण कुणाला काय बोलेल?" मला एकदम फार वाईट वाटलं. मी हो म्हटलं.

काकांचा सगळ्यात मोठा राग गावावर होता. विक्री अजून व्हायची आहे आणि कुणी हालचाल करत नाही. सगळे नुसते हळहळतात, खांदे उडवतात, पावसाबद्दल बोलतात. खेळ संपल्याची शिट्टी होण्याआधीच हे लोक मैदान सोडतात म्हणजे काय? हॉलमध्ये उभं राहून त्यांनी जाहीर केलं, "वुई शॅल स्टॉप द सेल." विक्री झालेली आहे हे ठाऊक असलेल्या गावाला वाटलं, हा म्हातारा झालेली विक्री फिरवायला निघालाय. त्यांच्या धाडसाने लोक भारावून गेले. 'फेअर प्ले टू यू,' म्हणून माणसं पाठीवर थाप मारून जाऊ लागली. याचा अर्थ इथे शाबास असा होतो. काकांना वाटलं, ही पंच म्हणून मिळालेली पावती आहे.

पहिल्यांदा आम्ही मालकाकडे गेलो. काकांनी नागपूरहून आलेली संत्र्याची बर्फी नेली होती. मालक हा एवढा मोठा, लालबुंद, लाजाळू माणूस. खोक्यांच्या ढिगाआड त्याचं ऑफिस. काकांनी नियमपुस्तकी इंग्रजीत त्याला सांगितलं, की टीम ही गावची लेक आहे, तिला उगाच लांब देऊ नये. मालकाचे डोळे भरून आले. कारखाना अडचणीत आहे, टीम पोसणं झेपत नाही, असं काहीसं तो म्हणाला, आणि शेवटी म्हणाला, "आय'म आफ्टर सायनिंग."

काका माझ्या कानाशी म्हणाले, "सही करायच्या मागं आहे. अजून केली नाई."

मीही कुजबुजले, "हो, अजून वेळ आहे."

मालकाने बर्फीचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाला, मी काही करू शकत नाही, तुम्ही चेरीवूडच्या त्या टीम घेणाऱ्या माणसाशी बोला. चेरीवूड म्हणजे डब्लिनच्या दक्षिणेला काचेच्या इमारतींचं बिझनेस पार्क. आमच्या कंपनीचं मोठं ऑफिस तिथेच होतं आणि मला अधूनमधून जावंच लागायचं. काकांना हा दैवी कौल वाटला.

ट्रेनमध्ये काकांनी मला डावपेच समजावून सांगितले. टीम म्हणजे मुलगी, चेरीवूडवाला म्हणजे बघायला आलेला पाहुणा. जमत आलेली सोयरीक मोडायची असेल तर हातापाया पडून उपयोग नसतो, त्याने पाहुण्याचा भाव वाढतो. त्याला शांतपणे मुलीत काय काय खोट आहे ते सांगायचं. खोटं एक अक्षर नाही. नागपुरात त्यांनी भाचीचं एक वाईट स्थळ असंच परत पाठवलं होतं. "भाची दिवसभर झोपते म्हणून सांगतलं. झोपायचीच ती. आता दुसऱ्या घरी सुखी आहे, तिथं बी झोपते."

मी म्हटलं, "काका, पण टीमची बदनामी..."

"पंच बदनामी करत नाई. पंच दिसलं ते सांगते."

चेरीवूडचा माणूस चाळिशीचा, सुटाखाली पांढरे खेळाचे बूट घातलेला. गाड्यांच्या पार्किंगचं कसलंतरी ॲप विकून त्याने पैसा केला होता. शॅननहून कुणी भेटायला आलंय म्हणून त्याने आम्हाला आदराने बसवलं, कॉफी दिली. काकांनी कॉफी बाजूला सरकवली आणि सुरुवात केली.

टीमचा कर्णधार विमानतळावर पाळीत काम करतो, तो डब्लिनला येणार नाही. चेंडू खेळवणारा मुलगा शाळेत शिकवतो, त्याचं लग्न गावातल्याच नर्सशी ठरलंय, तोही येणार नाही. भाऊ-भाऊ आहेत दोघं, त्यांची आई आजारी असते. म्हणजे तुम्ही डब्लिनला न्याल ते नाव, बनियनं आणि दोन अमेरिकन. त्यातल्या उंच अमेरिकनाचा उजवा गुडघा गेलेला आहे. उडी मारून तो नेहमी डाव्या पायावर उतरतो, आणि शेवटच्या दहा मिनिटांत तर उडतच नाही, नुसता हात वर करतो. प्रेक्षक म्हणाल तर सँडविच घरून आणतात. सर, आय रिक्वेस्ट यू, डू नॉट बाय.

त्या माणसाने कधी एक सामनाही पाहिला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तो हळूच म्हणाला, "बट आय'म आफ्टर बाइंग इट."

"येस सर. यू आर आफ्टर. दॅट इज व्हाय आय केम."

त्याने गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या स्वच्छ पुणेरी इंग्रजीत त्याला समजावलं, की आपण घ्यायच्या मागे आहात याची आम्हाला कल्पना आहे, पण अजून विचार करावा. तेव्हा तो, लहान मुलाशी बोलावं तसा, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, की मी टीम घेतलेली आहे. सही झाली, पैसे दिले. केव्हाच.

काकांनी बाजूला सरकवलेला कॉफीचा कप पुन्हा जवळ ओढला. मग मराठीत, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, "बाई, लगन लागून गेलं का?"

"हो, काका."

"अन् मी पोरीचे दोष सासरी सांगून राहिलो?"

मला हसूही येत होतं आणि त्यांचा चेहरा बघवत नव्हता. कर्णधाराचा, त्या शिक्षकाचा, गुडघेवाल्याचा, सगळ्यांचा खेळ ज्याच्या हातात गेला होता, त्याच्याच समोर त्यांनी एकेकाचं बिंग फोडलं होतं.

पण काका उठले. ब्लेझरचं बटण लावलं. "सर," ते म्हणाले, "धिस इज अ करेक्टेबल एरर." नियमपुस्तकात असं कलमच आहे म्हणे: पंचाची सुधारता येण्याजोगी चूक. खेळ थांबवून ती कबूल करायची आणि दुरुस्त करायची. मी बोललो ते सगळं खरं आहे, ते म्हणाले, पण मी ते लग्न व्हायचंय असं समजून बोललो. आता लग्न झालंय. आता मुलगी तुमची. तेव्हा आता एकच विनंती आहे. आणि पुढचा शब्द त्यांना इंग्रजीत सापडेना. ते मराठीतच म्हणाले, "तुम्ही घरजावई व्हा."

मी भाषांतर केलं. म्हटलं, आमच्याकडे कधीकधी मुलगी सासरी जात नाही, जावईच तिच्या घरी राहायला येतो. लोक त्याला हसतात, पण घर टिकतं.

चेरीवूडवाला खुर्चीत मागे टेकला. मग म्हणाला, की आयरिशमध्येही त्याला शब्द आहे, आणि तो म्हणून दाखवला. मला तो आजही उच्चारता येत नाही. त्याचे आजोबा तसेच होते. क्लेअरमध्ये, शॅननपासून फार लांब नाही, बायकोच्या शेतावर येऊन राहिले. मरेपर्यंत गाव त्यांना बायकोच्या आडनावाने हाक मारत असे.

काकांनी विचारलं, त्यांना वाईट वाटायचं का?

"वाटत असणार," तो म्हणाला. "पण गावात सगळ्यांत चांगलं कुरण त्यांचंच होतं."

परत येताना ट्रेनमध्ये काका लिमरिकपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. मी तीनदा माफी मागितली, माझ्या इंग्रजीबद्दल. शेवटी ते म्हणाले, "तुझं नाई चुकलं. शाळेचं चुकलं." पुण्याच्या शाळेला एवढ्या सौम्य शब्दांत नागपूरने कधी माफ केलं नसेल.

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. काका हॉलवर गेले नाहीत. घरात फ्रिजचं दार उघडून मी मुद्दाम बराच वेळ उभी राहायचे, पण शिट्टी वाजायची नाही. मोठी बॅग त्यांनी माळ्यावरून खाली काढून ठेवली होती. वहिनी रोज तिच्यावर धुतलेले कपडे रचून ठेवायची, म्हणजे ती उघडता येऊ नये.

मग एका दुपारी चहावाल्या बाई धावतच घरी आल्या. नवीन मालकाने गावात येऊन सांगितलं होतं, की टीम इथेच राहील. डब्लिनला नेण्यासारखं त्यात काही नाही, असं त्याला कळलंय. मी त्यांना दोनदा विचारलं, राहील म्हणजे नक्की काय? 'आफ्टर' वगैरे नाही ना? नाही, म्हणाल्या. राहील म्हणजे राहील.

सगळ्या गावाने त्याचं श्रेय काकांना दिलं. रस्त्यात लोक थांबवून हात मिळवायचे. काका संकोचून मला म्हणायचे, "सांग यायले, मी काई नाई केलं. मले इंग्रजी नाई आलं, एवढंच झालं." बॅग पुन्हा माळ्यावर गेली. दादाने ती स्वतः चढवली आणि खाली उतरल्यावर उगाचच बापाच्या पायाशी बसून राहिला. काकांनी त्याला टेक्निकल फाउल दिला.

पण मालकाने टीम ठेवली म्हणजे सगळं ठेवलं असं नाही. त्याने काकांचं बोलणं नीट ऐकलं होतं. नवीन हंगामाआधी त्याने डॉक्टर बोलावून उंच अमेरिकनाचा गुडघा तपासून घेतला आणि त्याचा करार पुढे वाढवला नाही.

हे काकांना हॉलमध्ये कळलं. ते घरी आले, ब्लेझर काढून दाराला लावला आणि मला म्हणाले, "त्याचं विमान कधी आहे ते विचार."

शॅननहून अमेरिकेला सरळ विमान जातं. आम्ही गेलो तेव्हा तो कॉफी घेऊन एकटाच बसला होता, पाय समोरच्या खुर्चीवर लांब करून. काकांना बघून उभा राहिला. काका त्याच्या छातीपर्यंतही पोचत नव्हते. त्यांनी मला मधे पडू दिलं नाही. स्वतःच्या इंग्रजीत, शब्द शोधत, त्याला सगळं सांगितलं: तुझ्या गुडघ्याचं मी सांगितलं. मला वाटलं विक्री थांबेल. त्यात तू गेलास. चूक माझी.

मला वाटलं, आता तो चिडेल. तो खाली बसला, म्हणजे काकांना मान वर करावी लागू नये, आणि म्हणाला, "गेली दोन वर्षं या गावात मला रोज कुणी ना कुणी विचारायचं, कसा आहेस? मी म्हणायचो, ग्रँड, म्हणजे इथलं 'ठीक'. तेही म्हणायचे, ग्रँड. आणि चालते व्हायचे. मी रात्री पाय बर्फात ठेवून झोपायचो. या पायाकडे कुणी बघितलंच नाही. तुम्ही बघितलं."

घरी जाऊन ऑपरेशन करून घेणार, म्हणाला. आईने डॉक्टर बघून ठेवलाय. इथे अजून एक हंगाम खेळलो असतो तर कायमचा लंगडलो असतो. मग त्याने काकांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, म्हणजे तो हात दिसेनासाच झाला, आणि बॅग उचलून आत गेला. जिना त्याने टाळला. सरकत्या जिन्यावर उजवा पाय अलगद ठेवून तो वर जाईपर्यंत काका बघत होते.

गाडीत बसल्यावर मी किल्ली फिरवणार तर त्यांनी हात धरला.

"जातो जातो मी म्हणून राहिलो होतो, बाई," ते म्हणाले. "गेला तो."

आणि ते रडायला लागले. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, काकूंच्या फोटोसमोरसुद्धा नाही. समोरून एक विमान उठलं, ते त्याचं होतं की दुसरं कुठलं, कुणास ठाऊक. पार्किंगची वेळ संपेपर्यंत आम्ही दोघं तिथेच, गाडीत, बसून राहिलो.